पाच देश की चार गावं?

रविवारी सकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच बापूंनी विषय काढला. "एवढा शेंगेन व्हिसा काढलात, विमानाचे पैसे मोजलेत, आणि जाऊन राहिलात कुठं, तर लायडनला? त्याच व्हिसावर पॅरिस झालं असतं, ब्रसेल्स, स्वित्झर्लंड झालं असतं. आम्ही दहा दिवसांत पाच देश केले."

"बापू, त्या पाच देशांतलं बसच्या काचेबाहेरचं काय काय आठवतंय, सांगा," मी म्हणालो. बापू चिडले. पण मला खरंच हे विचारायचं होतं. आम्ही दोघांनी सगळी सुट्टी एकाच देशात, नेदरलँड्समध्ये, लायडनला राहून काढली, बॅग एकदाच उघडली आणि एकदाच भरली. ज्यांना पायी फिरायला आवडतं त्यांनी असंच जावं, असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅमस्टरडॅमच्या शिपोल विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून लायडन पंधरा-वीस मिनिटं. लायडनहून हार्लेम आणि डेल्फ्ट साधारण वीस-वीस मिनिटं, उत्रेख्तसुद्धा तासाच्या आत. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चढताना मशीनला लावायचं, उतरताना आठवणीनं परत लावायचं. सकाळी पाऊस दिसला तर गावातच थांबायचं, ऊन पडलं तर गाडी पकडायची.

"म्हणजे रोज लोकलच की!" बापू म्हणाले.

"हो, पण बसायला जागा मिळते," आमची ही म्हणाली, आणि बापूही हसले.

मग मी लायडनचं सांगायला घेतलं. १५७४ मध्ये स्पॅनिश फौजेचा वेढा पडला होता. हजारो माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं गेली. शेवटी डच लोकांनी आपलेच बांध फोडून आपल्याच शेतांत पाणी सोडलं आणि त्या पाण्यावरून सपाट तळाच्या होड्या शहरापर्यंत आणल्या. ३ ऑक्टोबरला वेढा उठला. आलेल्या होड्यांतून उपाशी लोकांना हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटला. आजही त्या तारखेला गावात हेच वाटतात आणि घरोघरी गाजर, कांदा, बटाटा एकत्र शिजवून ठेचलेलं हुत्सपॉट करतात. पुढच्याच वर्षी, १५७५ मध्ये, विल्यम ऑफ ऑरेंजनं या गावाला विद्यापीठ दिलं. एवढं सोसलेल्या गावाला विद्यापीठ द्यावं असं एखाद्या राज्यकर्त्याला सुचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. गावातून चालताना भिंतींवर निरनिराळ्या भाषांतल्या आणि लिप्यांतल्या कविता रंगवलेल्या दिसतात. त्या वाचत, न वाचता येणाऱ्या नुसत्या बघत, आमचा अख्खा दिवस गेला. टूरच्या बसला हे कसं परवडणार?

भाई इतका वेळ गप्प होता. तो मूळचा वेंगुर्ल्याचा. "तुमच्या त्या सुंदर घरांना पैसा कुठनं आला, तेही सांग. आमच्या गावात डचांची वखार पडीक उभी आहे. मिरी-जायफळाचा पैसा आहे तो."

भाईचं खरं आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची, तिच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती, एक होर्नला. कंपनीच्या ज्या यान कूननं १६२१ मध्ये जायफळासाठी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारली किंवा गुलाम करून नेली, तो होर्नचाच. त्याचा पुतळा तिथं भर चौकात आहे. "मग जायचं कशाला?" भाईनं विचारलं. माझ्या मते म्हणूनच जायचं आणि हळू जायचं. घाईत फक्त कालवा आणि फुलं दिसतात. थांबलं की गोदाम दिसतं, घराच्या शिखरापाशी माल वर ओढायचा आकडा दिसतो, आणि तो माल कुणाचा हा प्रश्न पडतो. भाईला हे पुरेसं वाटलं नाही. त्यानं तसं सांगितलंही.

हिनं मग होफयेंचं काढलं. हार्लेमला रस्त्यावर एक साधं दार असतं, ते ढकललं की आत वाड्यासारखा चौक, मध्ये बाग, भोवती बुटकी घरं. शेकडो वर्षांपूर्वी पैसेवाल्यांनी एकट्या, गरीब बायकांसाठी बांधून दिलेली. आजही तिथं लोक राहतात, म्हणून पाहुण्यांनी हळू बोलायचं. "म्हातारपणी मला असं घर चालेल," ही म्हणाली. त्यावर कट्ट्यावर बराच वेळ वेगळीच चर्चा झाली, ती इथं देत नाही.

"बरं, एकच गाव बघायचं झालं तर?" बापूंनी विचारलं. आवाज जरा उतरला होता.

इथं आमच्या दोघांचंच जमत नाही. ही म्हणते उत्रेख्त. तिथल्या डोम चर्चचा मधला भाग १ ऑगस्ट १६७४ च्या वादळात कोसळला, तेव्हापासून ११२ मीटरचा मनोरा एकीकडे आणि उरलेलं चर्च दुसरीकडे. मधल्या चौकात जुन्या खांबांच्या जागा फरसबंदीत दाखवल्यात, त्यांवर पाय ठेवत ही इकडून तिकडे गेली. शिवाय औदेग्राख्त कालव्याला खाली पाण्याच्या पातळीला तळघरं आहेत. होडीतला माल थेट आत जायचा. आता तिथं कॉफी मिळते.

मी म्हणतो डेल्फ्ट. पण आधी हेगला मॉरित्सहाउसमध्ये जाऊन व्हर्मीरनं काढलेलं डेल्फ्टचं चित्र बघायचं. पुढच्या भिंती ढगाच्या सावलीत, मागच्या घरांवर आणि नव्या चर्चच्या मनोऱ्यावर ऊन. मग डेल्फ्टला उतरून त्याच काठावर उभं राहायचं. चित्रातल्या वेशी १९व्या शतकात पाडल्या, मनोऱ्याचं टोकही आगीनंतर बदललं, पण मनोरा त्याच जागी आहे. डोळ्यांना ते जुळवायला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ हाताशी हवा.

"मी गेलो तर होर्नला जाईन," भाई म्हणाला. "त्या पुतळ्यासमोर उभा राहीन."

बापूंनी विचारलं, लायडनहून होर्न किती लांब?