सीडीबीजीच्या खिरापतीबद्दल थोडं

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी विचारलं, आपल्या ज्येष्ठांच्या उपक्रमाला टाउनशिपकडून (म्हणजे इथली नगरपालिका) सीडीबीजी ग्रांट मिळेल का, शेजारच्या गावात एका संस्थेला मिळाली म्हणे. मग नेहमीप्रमाणे अंगठे, नमस्कार, "कोणाला माहितीये का प्रोसेस". मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की इथेच टाकतेय. आमच्या टाउनशिपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, न्यू जर्सीतली आहे एवढं पुरे, कारण जे सांगणारे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच चालतं.

तर सीडीबीजी म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रांट, केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं (हड म्हणतात त्याला) दरवर्षी शहरांना देतं तो पैसा. कायदा 1974 चा, राष्ट्राध्यक्ष निक्सन राजीनामा देऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या फोर्डने सही केलेला. त्याआधी अर्बन रिन्यूअल वेगळं, मॉडेल सिटीज वेगळं, पाणी-ड्रेनेजच्या ग्रांट वेगळ्या, प्रत्येकासाठी वॉशिंग्टनकडे वेगळा अर्ज. ते सगळं एकत्र करून म्हटलं की हा घ्या एक गठ्ठा, तुमच्या गावाला काय हवं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. कल्पना चांगलीच आहे, माझं भांडण तिच्याशी नाही. भांडण आहे ते "तुम्हाला कळतं" मधला तुम्ही कोण याच्याशी.

साधारण पन्नास हजारांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांना आणि दोन लाखांच्या वरच्या काउंटींना हा पैसा थेट, फॉर्म्युल्याने मिळतो, स्पर्धा नाही काही नाही. बाकी छोट्या गावांचा तीस टक्के वाटा राज्यामार्फत जातो. फॉर्म्युले दोन आहेत आणि ज्यात जास्त पैसे निघतील तो तुम्हाला लागू. एकात लोकसंख्या, गरिबी आणि घरांमधली दाटी, दुसऱ्यात गरिबी, लोकसंख्या किती मंदावलीये ते आणि 1940 च्या आधीची घरं किती ते. म्हणजे जुनी घरं असणं हा फायदा! डेट्रॉइटसारख्या ओस पडत गेलेल्या जुन्या शहरासाठी ते बरोबरच आहे, पण जुन्या टुमदार घरांच्या सुखवस्तू उपनगरालाही त्याच नियमाने पैसे जातात आणि कॉलेजच्या गावात विद्यार्थ्यांचं उत्पन्न शून्य म्हणून गरिबी जास्त दिसते. हडच्याच 2005 च्या अभ्यासात हे सगळं लिहिलेलं आहे. फॉर्म्युला अजून तोच आहे. असो.

आता खर्चाचे नियम, कारण खरी गंमत इथे आहे. समजा शहराला वर्षाला सहा लाख डॉलर मिळाले. त्यातला 15 टक्क्यांपर्यंत भाग "पब्लिक सर्व्हिसेस"वर खर्च करता येतो, म्हणजे फूड पँट्री (गरजूंना फुकट शिधा), मुलांचे आफ्टरस्कूल वर्ग, सीनियर लोकांची ने-आण, निवारा वगैरे, ते झाले नव्वद हजार. 20 टक्क्यांपर्यंत प्लॅनिंग आणि अॅडमिनला, म्हणजे एक लाख वीस हजार, त्यात एखाद-दोन कर्मचारी आणि कन्सल्टंटची फी निघते. उरलेले जवळपास चार लाख म्हणजे फुटपाथ, पाण्याची लाइन, गरीब घरमालकाचं गळकं छप्पर, बंद पडलेला बॉयलर असली कामं. आणि एकूण पैशातला किमान 70 टक्के भाग कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे, म्हणजे त्या भागातल्या मीडियन इन्कमच्या (बरोबर मधल्या घराच्या उत्पन्नाच्या) 80 टक्क्यांच्या आत असलेल्या घरांच्या.

हे पैसे वाटण्याआधी शहराला जाहीर सुनावणी घ्यावी लागते, त्या पब्लिक हिअरिंगला कोण येतं? त्या नव्वद हजारांसाठी आलेले लोक. पँट्रीवाल्या बाई येतात, मुलांच्या क्लबचे कोच येतात, एखादे आजोबा उठून सांगतात की त्यांची डायलिसिसची राइड याच पैशातून होते आणि सगळं सभागृह गप्प होतं. प्रत्येकाचं काम खरं असतं हो, त्यात शंकाच नाही. कौन्सिलवाले माना डोलावतात, कोणाला नाही कसं म्हणायचं, मग ह्याला पाच हजार, त्याला सात हजार, तिसऱ्याला साडेचार. सगळ्यांच्या हातावर प्रसादासारखं थोडं थोडं. आणि त्या चार लाखांवर? एक ओळ वाचली जाते, "स्ट्रीट अँड साइडवॉक इम्प्रूव्हमेंट्स, व्हेरियस लोकेशन्स", एनी कमेंट्स, नो कमेंट्स, नेक्स्ट आयटम.

व्हेरियस लोकेशन्स!! अहो, कुठली लोकेशन्स हाच तर सगळा प्रश्न आहे.

पाच हजारांच्या ग्रांटचं पण सांगते, कारण आपल्या मंडळाला तेच हवंय. बहुतेक ठिकाणी पैसे आधी मिळत नाहीत, खर्च करा, पावत्या जोडा, मग कधीतरी परतफेड. इन्शुरन्सचे कागद द्या, आलेल्या प्रत्येक माणसाचा वंश आणि उत्पन्न यांची नोंद ठेवा, ठरावीक महिन्यांनी रिपोर्ट पाठवा, कधीही मॉनिटरिंगला कोणी येऊन फाइल बघणार. छोट्या संस्थेतल्या एका माणसाचा निम्मा वेळ यातच जातो. त्यात ज्येष्ठांच्या बाबतीत नियम असा की फक्त ज्येष्ठांसाठीच असलेला कार्यक्रम असेल तर ते कमी उत्पन्नाचे आहेत असं गृहीतच धरतात, उत्पन्नाचा पुरावा लागत नाही. हेतू चांगला आहे, म्हाताऱ्या माणसांकडे टॅक्स रिटर्न कुठे मागत बसायचं. पण त्याचा अर्थ असा की आपले निवृत्त इंजिनियर काका, ज्यांची दोन घरं आहेत, तेही कागदावर गरिबांत मोजले जातील. नियमात बसतं म्हणून घ्यायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं, मी मंडळाच्या मीटिंगमध्ये विरोधच करणारे.

आता चार लाखांकडे येऊ. रस्ता किंवा फुटपाथ करायचा तर ज्या वस्तीला त्याचा फायदा होणार तिथले किमान 51 टक्के लोक कमी-मध्यम उत्पन्नाचे असावे लागतात, सेन्ससच्या आकड्यांवरून. ज्या श्रीमंत शहरांत अशा वस्त्याच फार नाहीत त्यांना सवलत आहे, त्यांनी आपल्याकडच्या वस्त्या कमी-मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या टक्केवारीने लावून त्यातला सगळ्यात वरचा पाव हिस्सा घ्यायचा, मग तिथे 51 च्या खाली असलं तरी चालतं. शिवाय फुटपाथच्या कोपऱ्यावर व्हीलचेअरसाठी उतार करायचा असेल तर ते काम अपंग आणि ज्येष्ठांसाठी म्हणून धरलं जातं, मग वस्ती कुठलीही असो. व्हीलचेअरचे उतार गरजेचेच आहेत, मला चुकूनही कोणी विरोधात धरू नका, पण इंजिनियरिंग खात्याला तसाही रस्ता करायचा होता आणि उतारांचं बिल इथून काढलं असं झालं की गरीब वस्तीतला अर्धवट तुटलेला फुटपाथ पुन्हा पुढच्या वर्षावर. आणि खड्डे बुजवणं यातून चालत नाही, ते मेंटेनन्स, अख्खा रस्ता नव्याने करणं चालतं. त्यात अजून एक घड्याळ असतं. प्रोग्राम इयर (या ग्रांटचं हिशेबाचं वर्ष) संपायच्या साठ दिवस आधी खात्यात न खर्चलेले पैसे वर्षाच्या ग्रांटच्या दीडपटीपेक्षा जास्त दिसले तर हड डोळे वटारतं. मग काय, घरदुरुस्तीसारखं किचकट काम, ज्यात अर्ज तपासा, शिसं असलेला जुना रंग तपासा, तीन कोटेशन मागवा, ते मागे पडतं आणि डांबर पुढे येतं. आपला मार्च एंड इथे दुसऱ्या महिन्यात येतो एवढाच फरक.

पुण्यात महापालिका 2006 पासून बजेटसाठी नागरिकांकडून छोटी कामं सुचवून घेते, माझे बाबा हौसेने फॉर्म भरायचे. तिथेही हेच, बाकडी आणि पेव्हिंग ब्लॉक. निदान इथल्या बाकड्यावर नगरसेवकाचं नाव नसतं.

कोणी म्हणेल, थोडं थोडं सगळ्यांना मिळालं तर बिघडलं काय. बिघडतं, कारण सहा लाखांत खरंच काही बदलायचं असेल तर एकाच वस्तीत सलग दोन-तीन वर्षं पैसा लावावा लागतो, फुटपाथ, दिवे, वीस घरांची छप्परं, सगळं एकाच ठिकाणी. पसरून टाकलं की कुठेच काही दिसत नाही. आणि मग 2017 सारखं होतं, ट्रम्प सरकारने बजेटमध्ये या योजनेला शून्य प्रस्तावित केलं, त्यांच्या बजेट खात्याचे प्रमुख मल्व्हेनी म्हणाले की रिझल्ट दिसत नाहीत, त्यावर मील्स ऑन व्हील्सचं (म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देतात ते) काय होणार म्हणून देशभर आरडाओरडा झाला. काँग्रेसने (म्हणजे इथल्या संसदेने) ट्रम्प सरकारचं ऐकलं नाही, उलट पुढच्या वर्षी रक्कम तीन अब्ज डॉलरवरून 3.3 अब्जाच्या आसपास नेली. पण दरवेळी वाचेलच असं नाही. मल्व्हेनींचं राजकारण मला अजिबात पटत नाही, तरी रिझल्ट दाखवा म्हटल्यावर आमच्या टाउनशिपने काय दाखवलं असतं, व्हेरियस लोकेशन्स?

आणि नुसती सही ठोकून पैसे घेतले तर काय होतं तेही बघा. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर काउंटीवर 2006 मध्ये एका संस्थेने केस केली, की हे दरवर्षी हडला लिहून देतात आम्ही घरांच्या बाबतीतला भेदभाव दूर करतोय आणि प्रत्यक्षात वंशाच्या प्रश्नाकडे बघतच नाहीत. 2009 मध्ये 6.25 कोटी डॉलरची तडजोड झाली आणि मुख्यतः गोऱ्या वस्तीच्या गावांमध्ये 750 परवडणारी घरं बांधायचं कबूल करावं लागलं. वर्षानुवर्षं त्या फॉर्मवर कोणीतरी सह्या करत होतंच ना.

मग आपण करायचं काय? सगळ्यात पहिलं, वसंतातल्या हिअरिंगला जाऊन फार उपयोग नाही, तोपर्यंत आकडे ठरलेले असतात. वर्षाला किमान दोन हिअरिंग घ्यावीच लागतात, त्यातलं "नीड्स" वालं म्हणजे गावाच्या गरजांवरचं आधीचं गाठा, आणि तीन ते पाच वर्षांतून एकदा कन्सॉलिडेटेड प्लॅन (या पैशांचा मोठा आराखडा) होतो तेव्हा तर नक्कीच, कारण वार्षिक प्लॅन त्याच्याच चौकटीत बसवतात. नोटीस पेपरच्या लीगल जाहिरातीत बारीक अक्षरात येते, फेसबुकवर येईल म्हणून वाट बघू नका. दुसरं, सिटिझन नसाल तरी बोलता येतं. आपल्यातले किती जण ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभे आहेत, मत देता येत नाही म्हणून "आपला काय संबंध" म्हणून गप्प, पण इथे रहिवासी असणं पुरतं. तिसरं, कमेंट लेखी द्या. आलेल्या कमेंट्सचा सारांश प्लॅनला जोडावा लागतो आणि एखादी मान्य केली नसेल तर का नाही ते लिहावं लागतं, हा नियमच आहे. तोंडी बोलल्याचा सारांश कसाही करतात, कागदावरचं वाक्य निदान नंतर दाखवता येतं.

आणि प्लॅनची पीडीएफ शहराच्या साइटवर असते, दोनशे पानं बघून घाबरू नका, एसपी-25 नावाचा तक्ता शोधा, त्यात गरजांचा प्राधान्यक्रम असतो, हाय आणि लो. आमच्याकडच्यात सगळ्यांपुढे हाय लिहिलेलं होतं. मग वार्षिक प्लॅनमधले एपी-35 आणि एपी-38 काढा, तिथे प्रोजेक्ट आणि रकमा असतात, ते त्या तक्त्याच्या शेजारी ठेवा. कमेंटसाठी तीस दिवस असतात, ईमेल चालतो. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, माझा पाठवते, फक्त वस्तीचं नाव आणि रस्ते तुमचे तुम्ही टाका.