भाऊसाहेब दुसऱ्या सज्जावर गेलेत

तलाठी कार्यालयाच्या दारावर खडूनं लिहिलंय, 'मंगळवार, शुक्रवार'. मंगळवारी गेलं तर प्रांत अधिकाऱ्यांकडे मीटिंग, शुक्रवारी गेलं तर पंचनामे. कोतवाल किल्ल्यांचा जुडगा हलवत सांगतो, "भाऊसाहेब दुसऱ्या सज्जावर गेलेत, अतिरिक्त कार्यभार आहे ना!" (भाऊसाहेब म्हणजे तलाठी, आणि सज्जा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं.)

अहो, पण हा अतिरिक्त कार्यभार कधी संपणार आहे की नाही? आधीचा माणूस बदलून गेला, जागा भरलीच नाही आणि एकाच्याच गळ्यात तीन सज्जे. त्यात निवडणूक आली की मतदार याद्या, पाऊस पडला की पंचनामे, नाही पडला तरी पंचनामेच. त्या बिचाऱ्याचा मला राग येत नाही. (येतो, पण कमी.)

राग येतो तो वर बसलेल्यांचा. 2023 च्या तलाठी भरतीत चार हजारांवर जागांसाठी 10 लाखांहून जास्त अर्ज आले, खुल्या गटातल्या पोरांकडून हजार-हजार रुपये फी घेतली. तेव्हा माणसं मिळत नाहीत, असं म्हणायचीही सोय नाही!

2015 चा लोकसेवा हक्क कायदा म्हणे मुदतीत सेवा द्या. आमच्या आजोबांच्या जमिनीच्या वारसनोंदीच्या नोटिशीचे 15 दिवस कधीच उलटले, हरकत कुणाचीच नाही. तरी फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, लटकलेलाच, कारण तो मंजूर करणारे मंडल अधिकारीही प्रभारी. ऑनलाइन सातबारा घरबसल्या मिळतो, मान्य. पण त्यावर नाव अजून वारलेल्या आजोबांचंच येतं, तेही डिजिटल सहीनिशी, 15 रुपयांत!