‘नासा’चा अभ्यास खरा, त्यावरचा दावा चुकीचा

‘घरात मनी प्लांट, स्नेक प्लांट ठेवा, हवा शुद्ध होते, हे नासानं सिद्ध केलंय’ असा मजकूर पुन्हा फिरतोय. अभ्यास खरा आहे. त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकीचा.

1989 चा तो अभ्यास नासाचे शास्त्रज्ञ बिल वॉल्व्हर्टन यांचा. कुंडी लहानशा हवाबंद पेटीत ठेवायची, आत बेंझिन किंवा फॉर्मल्डिहाइडसारखं हवेत मिसळणारं घातक रसायन सोडायचं आणि काही तासांनी किती उरलं ते मोजायचं. आपली खोली अशी हवाबंद नसते. दाराखिडक्यांच्या फटींतून हवा सतत बदलते, आणि कुंडीपेक्षा कितीतरी वेगानं तीच ही रसायनं बाहेर नेते. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला: या हवापालटाची बरोबरी करायला खोलीच्या दर चौरस मीटर जमिनीला 10 ते 1000 झाडं लागतील!

दमेकऱ्याच्या उशाशी कुंडी ठेवून खिडकी लावून घेतलेली पाहिली की जीव तुटतो. माती सतत ओली राहिली तर बुरशी धरते, आणि दम्याला तीच बाधते. झाडं हौसेनं लावा. हवेसाठी खिडकी उघडा. बाहेर धूर असेल तर हेपा फिल्टर, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण अडवणारी गाळणी.