झेंडा वर, तोंड बंद

इंदुरात मराठी मंडळाचे व्हॉलीबॉलचे सामने भरवायचे म्हटले की खेळाडूंना तोटा नसतो. पोह्यांची व्यवस्था बघायला, माइकवर बोलायला, ढाल कोणाच्या हस्ते द्यायची यावर वाद घालायला माणसं रांगेत उभी असतात. लाइनमन, म्हणजे चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर ते सांगणारा, मात्र मिळत नाही. "अहो, कोपऱ्यात झेंडा घेऊन उभं राहायचं, एवढंच तर काम," असं सांगून मी शेजारपाजारच्यांना धरून आणतो आणि सामन्याआधी अर्धा तास त्यांना घडवतो. मी कॉलेजात खेळायचो आणि आता माझे गुडघे बोलतात, एवढ्या पात्रतेवर मंडळाने हे काम माझ्या गळ्यात मारलं आहे.

1895 साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन नावाच्या गृहस्थांनी हा खेळ काढला, तो बास्केटबॉलची धक्काबुक्की न झेपणाऱ्या पोक्त मंडळींसाठी. त्या मंडळींना रेषेवरची भांडणं झेपतील का, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

मोठ्या स्पर्धेत चार कोपऱ्यांना चार लाइनमन असतात. आमच्याकडे दोन. रेफरी आणि दुसरा रेफरी जाळ्याच्या दोन टोकांना समोरासमोर, त्या दोघांच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यापाशी एकेक, म्हणजे मैदानावर तिरपे समोरासमोर. प्रत्येकाने एक मागची आणि एक बाजूची रेषा सांभाळायची. उभं राहून. हे 'उभं राहून' ऐकताच निम्मे उमेदवार गळतात, कारण खुर्ची मिळेल या आशेनेच ते आलेले असतात.

झेंड्यांची सोय सोपी. नियमाप्रमाणे 40 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. संक्रांतीच्या हळदीकुंकवात घरोघर ब्लाऊजपीस फिरतच असतात. एकात दोन झेंडे निघतात. या वर्षी भगवा निघाला. सरावात, मी धरून आणलेल्या एका काकांनी तो पहिल्यांदा उंच केला तेव्हा मागच्या पोरांनी 'मोरया' केलं, आणि काकांनी भक्तिभावाने तो वरच धरून ठेवला. तेवढ्यात चार चेंडू आत पडले.

हे काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले. खसरे, म्हणजे जमिनीचे उतारे, आणि नकाशे बघण्यात हयात गेलेली, म्हणून रेषांच्या कामाला यांच्याइतका लायक माणूस नाही असा माझा होरा. मी त्यांना फक्कीची रेषा दाखवली. "काका, ही 5 सेंटिमीटर रुंद. चेंडू हिला नुसता चाटून गेला तरी आत."

"रेषेवरचा आत कसा? बांध सामाइक असतो."

"इथे रेषा मैदानातच धरतात, काका."

"मोजणी कोणी केली?"

"मी केली. 18 मीटर बाय 9."

काकांनी कोपरा पावलांनी मोजला, मग टाचेखालची फक्की नेमकी पुसून टाकली आणि म्हणाले, "खुणेचा दगड पाहिजे होता."

दुसऱ्या कोपऱ्याला मी कॉलेजातला एक पोरगा उभा केला होता. त्याला सांगितलं, चेंडूमागे मान फिरवू नकोस. शूटर, म्हणजे जाळ्यावरून चेंडू हाणणारा, उडाला की नजर आधी रेषेवर जाऊन बसली पाहिजे, चेंडू येईल तेव्हा येईल. हेच या कामातलं सगळ्यात अवघड आहे. सगळं गाव वर बघतंय आणि तुम्ही एकट्याने पांढऱ्या पट्टीकडे बघत बसायचं. पोराने मान डोलावली आणि खाली बघायला लागला. फार एकाग्रतेने बघतोय म्हणून कौतुकाने जवळ गेलो, तर हातात मोबाइल.

ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक असा सहा जातींचा कचरा सकाळी झोपेत वेगळा करणारं हे गाव. 2017 साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं, ते उगाच नाही. त्याच गावातला माणूस चेंडूचे 'आत' आणि 'बाहेर' असे दोनच भाग करताना घामाघूम होतो.

खुणा शिकवताना खरी दैना झाली. आत असेल तर झेंडा जमिनीकडे, बाहेर असेल तर सरळ वर. पण काकांच्या अंगात क्रिकेट. होळकरांच्या संघाने चारदा रणजी करंडक जिंकला, सी. के. नायडू इथे खेळले, त्यामुळे इंदूरच्या म्हाताऱ्या माणसाला अंपायरिंग शिकवणं हा त्याचा अपमान असतो. चेंडू बाजूने गेला की काका दोन्ही हात फाकवून वाइड देत होते. फार लांब गेला, तर षटकार.

त्यानंतर टच. जाळ्याशी हात वर करून चेंडू अडवणाऱ्या ब्लॉकवाल्याच्या बोटाला घासून चेंडू बाहेर गेला तर झेंडा उभा धरून त्याच्या टोकावर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवायचा. "लागला का?" मी विचारलं.

"लागला असेल."

"'असेल'ला खूण नाही, काका."

आणि मग मी ती घातक खूण शिकवली. दिसलंच नाही तर दोन्ही हात छातीवर आडवे बांधायचे: निर्णय देता येत नाही. काकांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षांच्या नोकरीचं सार त्यांना कोणीतरी एका खुणेत काढून दिलं होतं. सामन्यात त्यांनी ती सढळ हाताने वापरली. एक चेंडू त्यांच्या चपलेला लागून गेला, तरी हात छातीवर. कोणाचं वाईट व्हायला नको, उद्या दूध आणायला एकाच गल्लीतून जायचंय.

बोलायचं नाही, हे तर मी कानीकपाळी ओरडलो होतो. लाइनमनने फक्त खूण करायची. रेफरीने मागितली तर पुन्हा करायची. खुलासा करायचा नाही. दोरीपलीकडून "भिया, बाहर थी!" असं सगळं रामबाग ओरडत असताना मराठी माणसाला गप्प राहणं किती जड जातं, ते काकांच्या गळ्याच्या शिरांवरून कळत होतं. वर गॅलरीतून एक आजी स्वतंत्र निकाल देत होत्या. जागतिक स्पर्धांत व्हिडिओ चॅलेंज असतं म्हणतात, आमच्याकडे आजी.

दरम्यान मोबाइलवाला पोरगा "आलोच" म्हणून सटकला होता. गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, स्टॉलवर जिरावण मसाला भुरभुरत उभ्या असलेल्या वहिनींच्या हातात मी झेंडा कोंबला. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे सांगितलं ते त्यांनी जसंच्या तसं ऐकलं. शिवाय सर्व्हिसवाल्याच्या पायाचंही सांगितलं: चेंडू मारताना किंवा त्यासाठी उडी घेताना मागच्या रेषेवर पाय पडला तर झेंडा डोक्यावर हलवायचा आणि रेषेकडे बोट दाखवायचं.

निर्णायक सेट, 13-13. सर्व्हिसला वहिनींचाच मुलगा. पोरगा धावत आला, उडाला, चेंडू सणसणीत मारला, पलीकडच्यांना उचलताही आला नाही. मैदानात आरडाओरडा, मिठ्या. आणि कोपऱ्यात भगवा झेंडा गरागरा फिरतोय, वहिनींचं बोट रेषेवर.

रेफरीने पुन्हा खूण मागितली. वहिनींनी पुन्हा केली, आधीपेक्षा जोरात.

"आई, अगं!"

वहिनी गप्प. बोट तसंच. त्या बोटाच्या टोकाशी, फक्कीत, बुटाचा पुढचा भाग स्वच्छ उमटलेला होता. पोरगा वाद घालत कोपऱ्याकडे निघाला तसं रेफरीने पिवळं कार्ड काढलं. पोराने कार्डाकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं. आणि त्याच्या लक्षात आलं असावं की कार्ड त्यातल्या त्यात स्वस्त आहे.

ते सामना हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या तिन्ही संघांचे कप्तान मिळून माझ्याकडे आले. म्हणाले, वहिनींच्या हातचे गराडू फार छान होतात, त्यांना परत स्टॉलवर द्या. काकांचं काम चांगलं आहे, दोन्ही कोपरे त्यांनाच द्या.