बरं होण्याची अट नसलेली श्रद्धा

माझा ब्रेस्ट कॅन्सर चौथ्या स्टेजचा आहे. तो मणक्यात आणि कमरेच्या हाडात पोचला आहे. गोळ्या, सलाईन, स्कॅन हे आता कायमचं. आणि माझी देवावर श्रद्धा आहे. या दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या की समोरचा माणूस गोंधळतो. कुणाला वाटतं, ही चमत्काराची वाट बघत असणार. कुणाला वाटतं, एवढं होऊनही देव देव करते म्हणजे स्वतःची समजूत काढते आहे. दोन्ही खरं नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

कॅन्सर स्तनापुरता किंवा काखेतल्या गाठींपर्यंत असेल तर ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांना एक शेवट असतो. शेवटच्या केमोचा फोटो काढता येतो. आमच्या वाट्याला तो फोटो नाही. एक औषध चालतंय तोवर घ्यायचं, आजार पुढे सरकला की दुसरं. ‘कधी संपणार गं ट्रीटमेंट?’ असं प्रेमाने विचारणाऱ्यांना काय सांगावं ते मला अजूनही सुचत नाही.

माझा प्रकार हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोन्सच्या जोरावर वाढणारा. रोज लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी, आणि सोबत कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी पालबोसिक्लिब: ही 21 दिवस घ्यायची, 7 दिवस बंद, कारण पांढऱ्या पेशी खाली येतात आणि त्यांना सावरायला वेळ द्यावा लागतो. पालबोसिक्लिबला पहिली मान्यता मिळाली 2015 साली. ज्यांच्या कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं, त्या हर-टू पॉझिटिव्ह बायकांचं औषध ट्रास्टुझुमॅब 1998 चं. त्याआधी ही औषधं कुणीतरी चाचणीत घेतली होती. आपल्याला गुण येईल की नाही हे माहीत नसताना सह्या केल्या, रक्त दिलं, त्रास सोसला. त्यांतल्या कितीतरी जणी आज नाहीत. रोजची गोळी हातात घेताना मला त्यांची आठवण येते आणि माझ्या प्रार्थनेत त्या असतात. नावं माहीत नाहीत, पण माझं आजचं जगणं त्यांच्यामुळे आहे. माझ्या श्रद्धेची सुरुवात खरं तर इथूनच झाली, आभार मानण्यापासून.

आता जो तो देतो त्या ‘पॉझिटिव्ह राहा, बरी होशील’ या सल्ल्याबद्दल. 1989 मध्ये डेव्हिड स्पीगल या मानसोपचारतज्ज्ञांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कॅन्सर पसरलेल्या ज्या बायका दर आठवड्याला एकत्र बसून मोकळं बोलत होत्या, त्या इतरांपेक्षा बऱ्याच जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. साहजिकच जगभर चर्चा झाली. मग 2001 मध्ये याहून मोठा अभ्यास झाला, 235 बायकांचा. त्यात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मात्र मनाचा त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या.

मला हा दुसरा निकाल जास्त जवळचा वाटतो. आयुष्य वाढलं असतं तर कुणाला नको होतं? पण त्या निकालाने माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरवलं. मनाने कॅन्सर बरा होत असता, तर तो वाढल्यावर दोष आपल्या मनाचा ठरला असता. स्कॅनमध्ये नवा डाग दिसलेल्या बाईला ‘तू खचलीस म्हणून’ असं सुचवणं फार क्रूर आहे. ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ हे तर त्याहून. पेशींमध्ये बदल होतात, त्या औषधाला दाद देईनाशा होतात, म्हणून आजार वाढतो. रडल्यामुळे वाढत नाही. मैत्रिणींनो, पोटभर रडा.

मग श्रद्धा कशासाठी? स्कॅनच्या टेबलावर हात डोक्यावर घेऊन पडलेली असते तेव्हा ‘रिपोर्ट चांगला येऊ दे’ हे मी मागतेच. मागणं सुटलेलं नाही, सुटावं असंही वाटत नाही. पण रिपोर्ट वाईट आला तरी मी त्याच देवाशी बोलते. रागाने बोलते, कधी काहीच बोलत नाही. तो ऐकतोय, एवढं मला पुरतं. हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. देव न मानणाऱ्या एका मैत्रिणीला हेच बळ तिच्या माणसांतून मिळतं, आणि ते माझ्या बळापेक्षा तसूभरही कमी नाही.

हेतूचा प्रश्न मला श्रद्धेपेक्षा अवघड गेला. पाच वर्षांनी काय करायचं याचे बेत गळून पडले की आज कशासाठी उठायचं तेही कळेनासं होतं. विल्यम ब्राइटबार्ट या मानसोपचारतज्ज्ञांनी बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी खास उपचारपद्धती तयार केली आहे, ती जगण्यातल्या अर्थाभोवतीच फिरते. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी, की अर्थ फक्त कामातून आणि कर्तबगारीतून येत नाही. प्रेमातून येतो, सौंदर्यातून येतो, हसण्यातून येतो, आणि जे टाळता येत नाही त्याला आपण कसं सामोरं जातो त्यातूनही. ज्या दिवशी थकव्याने पाठ गादीला चिकटते, त्या दिवशीही यातलं काहीतरी हातात उरतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर, नुकतंच निदान झालेल्या बायकांशी मी बोलते. सल्ला कमी, ऐकणं जास्त. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड सुरू होणार असेल तर आधी दात तपासून घ्यायचे का ते डॉक्टरांना विचार, असल्या बारीकसारीक गोष्टी सांगते. पहिल्या धक्क्यात हे कुणाला सुचत नाही. आणि एक गोष्ट प्रत्येकीला आग्रहाने सांगते: पॅलिएटिव्ह केअरला, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांना, घाबरू नकोस. ते फक्त अखेरच्या दिवसांसाठी नसतं. 2010 मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा अभ्यास आला. ज्यांना सुरुवातीपासून ही मदत मिळाली त्यांचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी राहिलं, आणि ते जगलेही जास्त. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्टोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, उभारणाऱ्या डॉक्टर सिसिली साँडर्स आधीपासून सांगत होत्या, की दुखणं शरीराचं असतं तसं मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचंही असतं, आणि त्या सगळ्यावर उपचार व्हायला हवा. ‘मीच का?’ हा प्रश्नही डॉक्टरांसमोर मांडायचा असतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ज्यांना बोलायचं आहे त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. कुठलं औषध घ्यावं ते मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकी भीती, राग, देव, मुलांना काय सांगायचं, केस, झोप, काहीही चालेल. माझं स्कॅन जवळ आलं आहे, त्यामुळे उत्तराला थोडा उशीर होईल.