एक चिंधीही न गमावता कपाट कसं आवराल?

कपाट आवरायला काढणार असाल, तर घरात, शेजारी आणि बहिणीला फोनवर आठवडाभर आधी सांगून ठेवा. काम करण्यापेक्षा ते काढलंय हे सांगण्याला आपल्याकडे जास्त मान आहे. मग रविवारी सकाळी सगळे कपडे पलंगावर ओता आणि ढिगाकडे बघत चहा घ्या. निम्मं काम झालं.

वर्षभरात अंगाला न लागलेला कपडा काढून टाका, असं हल्ली कोणीही सांगतं. हा नियम काढणाऱ्याच्या घरी पैठणी नसावी. पैठणी मलमलीत गुंडाळायची असते, डांबरगोळी तिच्या जरीला लागू द्यायची नसते, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची असते, नाहीतर घडीवरच चिरते. इतकं सगळं करून वर ती नेसायची? आणि पंगतीत कोणी आमटी सांडली म्हणजे? आजेसासूबाईंच्या शालूबद्दल तर बोलूच नका. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराला जो पुरून उरला, तो तुमच्या रविवारच्या उत्साहाला बळी पडणार आहे का?

ब्लाउजपीसांचा कप्पा मात्र शांत डोक्याने आवरावा. कापड जेमतेम ८० सेंटीमीटर, रंग असा की जगातल्या कुठल्याच साडीवर जाऊ नये. हे शिवायचं नसतं, फिरवायचं असतं. संक्रांतीला सिंहगड रोडवरून आलेला पीस चैत्रातल्या हळदीकुंकवाला कोथरूडला जातो, श्रावणात तिथून हडपसरला. तो शिवणं म्हणजे चलनातली नोट फाडण्यासारखं आहे. धोका एकच, जिने दिला तिच्याच ओटीत तो परत पडण्याचा. म्हणून कोपऱ्यात पेन्सिलीने नाव घालून ठेवा, अगदी बारीक. चिठ्ठी टाचू नका. ती काढायची राहते, आणि घरी जाऊन समोरची ती चवीने वाचते. आहेरातल्या शर्टपीस-पँटपीसच्या खोक्यांनाही हाच न्याय. खोकं उघडलंत की ते तुमचं झालं.

पुरुषांच्या कप्प्यात बत्तीस कंबरेच्या पँटी सापडतील. राहू द्यात. सोमवारपासून तळजाईला चालायला जायचंच आहे. कुठला सोमवार, हे विचारणं बायकोच्या हद्दीत येतं, त्यात लेखकाने पडू नये.

टी-शर्टांना सरकारी नोकरीसारखी सेवाशाश्वती असते, फक्त बढतीऐवजी पदावनती. मंडळाचा, मॅरेथॉनचा, कंपनीच्या सहलीचा, सगळे आधी बाहेरचे, मग घरातले, मग रात्रीचे आणि शेवटी गाडी पुसायचे. पॉलिएस्टर पाणी टिपत नाही, नुसतं इकडचं तिकडे करतं. तरी ठेवाच. एकदा फडकं झालं की त्याची मोजणी कपड्यांत होत नाही, आणि कपाटातले कपडे कमी केल्याचं समाधान मिळतं.

तरीही काही द्यायची हुक्की आलीच, तर बोहारणीला बोलवा. सात साड्या आणि दोन पँटी घेऊन ती एक पातेलं पुढे करील. त्याचं बूड वाजवून बघा, पातळ आहे म्हणा, झाकण मागा. ती देणार नाही. सौदा फिसकटतो आणि कपडे सन्मानाने घरात परततात. दानच करायचं असेल, तर कुठेतरी पूर येईपर्यंत थांबावं. चेन तुटलेली पँट, एका बाहीचा स्वेटर, जरीचा घागरा. बुडालेल्या घरातला माणूस चेनकडे थोडाच बघणार?

राहिला मुलाचा कप्पा. तो टेक्सासला स्थायिक झाला, पण त्याचा इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपचा ॲप्रन आणि दहावीचा स्वेटर इथेच आहेत. रात्री व्हिडिओ कॉलवर एकेक दाखवून विचारा, “हे टाकू का रे?” तिकडे सकाळची गडबड असते. तो न बघताच म्हणेल, “टाक गं आई, सगळं टाक.” त्याच्यासमोर पिशवी भरा, गाठ मारा. सूनबाईला पण दाखवा, तिला बरं वाटतं. कॉल संपला की गाठ सोडा. ॲप्रन धुवायला टाका, तेलाचे डाग बघा निघतात का. स्वेटरला ऊन दाखवा. पावसाळ्यात बुरशी धरते.