झोराला हाका मारणारी ॲलिस

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिकांचा विषय निघाला की बोलणं टोनी मॉरिसनच्या १९९३च्या नोबेलपाशी येऊन थांबतं. मला मात्र या बायकांचं एकमेकींना विस्मरणातून ओढून काढण्याचं काम त्यांच्या लेखनाइतकंच मोठं वाटतं.

झोरा नील हर्स्टनचंच बघा. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्या गावात वाढलेली, मानववंशशास्त्र शिकलेली बाई. दुकानाच्या ओट्यावर रंगणाऱ्या गोष्टी आणि थापा तिने गावोगाव फिरून उतरवून घेतल्या. १९३७ साली ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही तिची कादंबरी आली. तीन लग्नं केलेल्या जेनीची कहाणी, पात्रांच्या तोंडी अस्सल बोली. कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइटने ती झोडपली, गोऱ्यांना हसवणारं लेखन म्हणून. बाईने स्वतःच्या मनासारखं जगायचं ठरवणं हेही बंडच असतं, हे इतक्या मोठ्या लेखकाला दिसू नये याचा मला राग येतो.

१९५० साली झोरा मायामीत मोलकरणीचं काम करत होती. १९६० मध्ये गेली, तेव्हा दफनासाठी वर्गणी काढावी लागली. कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

१९७३ मध्ये तरुण लेखिका ॲलिस वॉकर फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सला, झोराला पुरलं होतं त्या गावी, पोचली. ‘मी झोराची भाची’ असं खोटंच सांगत तिने कबरीचा माग काढला. दफनभूमीत कमरेएवढं गवत, सापांची भीती. तिथे उभं राहून तिने झोराला चक्क हाका मारल्या, आणि पाय एका खचलेल्या जागेत गेला. त्या जागी तिने दगड बसवला: ‘अ जीनियस ऑफ द साउथ’. १९७५ मध्ये ‘मिझ’ मासिकात तिचा लेख आला आणि झोरा पुन्हा वाचली जाऊ लागली.

मॉरिसननेही रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक असताना हेच केलं. अँजेला डेव्हिस, गेल जोन्स, टोनी केड बाम्बारा यांची पुस्तकं तिने काढली. ‘द ब्लॅक बुक’ या कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरच्या संग्रहासाठी जुनी कात्रणं चाळताना तिला मार्गारेट गार्नर सापडली: पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून पोटच्या लेकीला मारणारी आई. त्यातून आली तिची १९८७ची कादंबरी ‘बिलव्हेड’.

झोराचं ‘बॅराकून’ तर २०१८ साली छापलं गेलं. आफ्रिकेतून पळवून आणलेल्या कोसोलाची ही आपबीती तिने १९३१मध्येच लिहून ठेवली होती. प्रकाशकाला ती प्रमाण इंग्रजीत हवी होती, झोराने साफ नकार दिला. पुस्तक छोटं आहे. झोराची ओळख नसेल, तर इथूनच सुरुवात करा.